माझं ‘चांगलं’ आणि नादीनच्या मिरच्या

९ सप्टेंबर, सोमवार

ही वही मुलीने नाताळात दिली, कवितांसाठी. नऊ महिने कोरीच राहिली. आज तिच्यात पहिल्यांदा लिहितोय, आणि तेही कविता नव्हे. 

सकाळी न्याहारीला बसलो होतो. खिडकीबाहेर पेकनच्या झाडावर ऊन नुकतंच उतरत होतं, आणि शाळेत मिस प्रुइटनी पाठ करून घेतलेली सकाळची एक कविता ओठांवर येऊ पाहत होती. तेवढ्यात नादीनने माझ्यापुढे अंडी ठेवली, ॲप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि ती घडी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

“वेल्डन, उद्यापासून स्वयंपाक तू करायचास.”

मी हसलो. एकावन्न वर्षांच्या संसारात तिने केलेला हा दुसराच विनोद, असं मला वाटलं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“मी मरेपर्यंत. नाहीतर तू मरेपर्यंत. ज्याचा नंबर आधी लागेल तोवर.”

“अगं, मला पाणीसुद्धा उकळता येत नाही!”

“पाणी आपलं आपण उकळतं. तू नुसतं तिथे उभं राहायचं.”

तब्येत बरी नाही का, विचारलं. ठणठणीत आहे म्हणाली. माझं काही चुकलं का, विचारलं. त्यावर ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

चौतीस वर्षं मी या तालुक्यात टपाल वाटलं. तीनदा कुत्रा चावला, एकदा पुरात गाडी वाहून गेली. पण आजच्या इतका मी कधी हादरलो नव्हतो. अंडी मात्र संपवली. फार खारट होती. ती परत आल्यावर चांगली झालीत, म्हटलं.

१० सप्टेंबर

पहिला धडा. नादीन स्टुलावर, मी गॅसच्या चुलीपुढे, ॲप्रन माझ्या पोटावरून जेमतेम बांधलेला.

फडताळात तिची एक बरणी असते. तिच्यात सहाच जिन्नस: मिरचीपूड, जिरेपूड, लसणाची पूड, कांद्याची पूड, पाप्रिका आणि ओरेगॅनो. “ही बरणी भरलेली असली की कामाच्या दिवशीसुद्धा अर्ध्या तासात जेवण तयार,” ती म्हणाली. “मंगळवारी खिमा, बुधवारी कोंबडी, गुरुवारी अंडी. माणूस तोच, रोज टोपी वेगळी.” मी एकावन्न वर्षं समजत होतो की रोज रात्री काहीतरी निराळं शिजतंय! हा आजचा दुसरा धक्का.

खिमा परतला, बरणीतले तीन चमचे घातले.

“वास कसा येतोय?” तिने विचारलं.

“चांगला.”

तिने लाकडी डाव ओट्यावर आपटला. “चांगला हा वास नसतो, वेल्डन. गुलाब चांगला, पेट्रोल चांगलं, नवा बूट चांगला. मला नीट सांग.”

मी गोंधळलो. मग डोळे मिटले. म्हटलं, “जिरं… आजोबांच्या खोगिराच्या आतल्या बाजूसारखं. घोडा नुकताच धावून आलाय आणि उन्हात उभा आहे, तसं.”

तिनेही डोळे मिटले होते. “आणखी?” म्हणाली.

आणखी! नादीन आणखी म्हणाली! माझी कविता ऐकवायला लागलो की हिला नेमकी दोरीवरची धुणी आठवायची.

१८ सप्टेंबर

पिंटो राजमा आणि बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव. मक्याच्या पिठात साखर घालत होतो, तर नादीनने माझा हात वरच्यावर धरला. “साखर? ती उत्तरेकडचे लोक घालतात. आपण काय उत्तरेकडचे आहोत?”

पाव भट्टीतून काढल्यावर रोजचा प्रश्न आला. मी सांगितलं, “सुगीनंतरचं शेत. दुपारी तीनची वेळ. कुणीतरी लांब लोणी वितळवतंय.” तिने तुकडा तोंडात ठेवला आणि कितीतरी वेळ चावत राहिली, माझ्याकडे बघत, जणू माझे शब्दच चावत होती.

माझी खात्री होत चालली आहे. उतारवयात माणसाला काव्याची गोडी लागते म्हणतात, ती माझ्या बायकोला लागली. मिस प्रुइट आज असायला हव्या होत्या.

२९ सप्टेंबर, रविवार

दोन गोष्टी नोंदवतो. प्रार्थनेला जाताना नादीनने इतकं अत्तर लावलं की पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून बघत होती आणि गावातली अर्लीन कुबेना सारखी खोकत होती. मला तर नवी नवरी शेजारी बसल्यासारखं वाटलं.

दुसरी गोष्ट. सकाळी दुधाचा पेला तोंडाला लावला, तर दूध नासलेलं. मी बेसिनपाशी धावलो. नादीनचा पेला रिकामा होता. एक शब्द बोलली नव्हती! टंचाईच्या काळात वाढलेल्या आईबापांची लेक ती. अन्न टाकायचं नाही म्हणजे नाही. या वयात एवढा करारीपणा कुठून आणते कोण जाणे.

४ ऑक्टोबर

हॉलिस आला होता. आमच्या गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा मुख्य तोच. तसा त्याचा धंदा विहिरीचे पंप दुरुस्त करायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दलाचं वार्षिक जेवण असतं, बंबाच्या शेडमध्ये. अख्खा गाव जेवतो. आणि गेली अठ्ठावीस वर्षं त्या जेवणाची चिली नादीनच्या हातची: बैलाचं मांस, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण आणि सहा तासांची सबुरी. तिच्यात राजमा घालणाऱ्याशी आमच्याकडे बोलचाल ठेवत नाहीत.

हॉलिस टोपी हातात घेऊन ती गोल गोल फिरवत होता.

“नादीनकाकू, यंदा जरा विश्रांती घ्या की. फार दगदग होते तुम्हाला. अर्लीन म्हणत होती, ती करेल.”

“अर्लीन?” नादीन म्हणाली. “अर्लीन टोमॅटोचा डबा फोडते आणि त्याला चिली म्हणते.”

“तसं नाही हो…”

“मग कसं आहे? माझ्या चिलीत काही वाईट होतं का गेल्या वर्षी? सांग.”

“छे छे! झकास होती!” हॉलिस स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला.

“बघ,” नादीन म्हणाली, आणि आवाज असा काढला की मला थंडी वाजली. “सगळ्यांना झकासच वाटली. मग यंदाही मीच करणार.”

तो गेल्यावर ती ओट्याला धरून उभी राहिली. “या वेळी बिघडली ना वेल्डन, तर पुन्हा मला कोणी डावही धरू देणार नाही. तोंडावर कुणी बोलणार नाही. नुसते प्रेमाने बाजूला बसवतील. खुर्चीवर. शाल पांघरून.”

मी म्हटलं, बिघडेल कशी? तुझ्या हातचं कधी बिघडलंय? तिने मान फिरवली.

१२ ऑक्टोबर

आज मिरच्यांचा सराव. सगळी चिली या मिरच्यांवर उभी असते, मांसावर नाही, हे मला आज कळलं. आंचो मिरची मुळातच काळी, सुरकुतलेली, म्हाताऱ्याच्या मनगटासारखी. कोरड्या तव्यावर भाजायची. पण भाजली गेली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, काळ्यावर काळं काय दिसणार? ते नाकानेच ओळखायचं. मनुका आणि तंबाखूचा वास आला की लगेच उचलायची. पाच सेकंद उशीर झाला की अख्खं पातेलं कडू.

मी तव्यापुढे उभा होतो. मनुकांचा वास आला. पण मनुका नुसत्या मनुका नव्हत्या. तो वास आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीचा होता, झाकण असलेल्या बाकाचा, आत ठेवून विसरलेल्या खाऊचा. ‘विसरलेला खाऊ’ याच्यापुढे कुठला शब्द यावा हे मी शोधत होतो, तोवर धूर निघाला.

“उचलू का आता?” मी विचारलं.

“मला काय विचारतोस? तू सांग.”

उचलल्या, भिजवल्या, वाटल्या, मांसात घातल्या. संध्याकाळी वाटी भरून चाखली. कडू. जळक्या दोरीसारखी.

“कशी झालीये?” नादीनने विचारलं. आपला घास न घेता माझ्या तोंडाकडे बघत होती.

“चांगली झालीये,” मी म्हटलं.

मग तिने वाटी संपवली. शेवटच्या थेंबापर्यंत! कडू जहर, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही. नवऱ्याने पहिल्यांदा केलेली चिली म्हणून बिचारीने मुकाट्याने गिळली. असं प्रेम कुणाच्या वाट्याला येतं? रुमालाने डोळे टिपले मी.

ती मात्र उठली आणि खोलीत जाऊन दार लावून बसली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू?  तरी लिहितो.

दुपारी राजमा चुलीवर चढवला आणि हॉलिसच्या दुकानात पंप बघायला गेलो. आच मंद करायची होती. केली असं वाटलं होतं. तासाभराने परत आलो. अंगणातून पायऱ्या चढतानाच वास आला. सडक्या अंड्यांचा, डोक्यात घुसणारा. गॅस!

दार ढकललं. आत तो वास भिंतीसारखा उभा. राजम्याचं पाणी उतू जाऊन जाळ विझला होता, नळी सूं सूं करत होती. आणि नादीन चुलीपुढे उभी, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. काडी पेटीला टेकलेली.

मी किंचाळलो. आयुष्यात कधी किंचाळलो नव्हतो. तिचा हात धरला, चूल बंद केली, तिला ओढत अंगणात नेलं.

“सोड ना! झालं काय?” ती म्हणत होती. “जाळ विझला होता, लावत होते फक्त…”

“अगं, घर भरलंय गॅसने! वास येत नाही का तुला?”

 माझा प्रश्न तसाच पेकनच्या झाडाखाली उभा राहिला, आणि त्याच्यामागे एकेक येऊन उभं राहू लागलं: दूध, अत्तर, खारट अंडी, ती रिकामी वाटी.

“नाही,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वास गेला, मग चव. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही.”

वीस महिने! एका टेबलावर समोरासमोर बसून वीस महिने!

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला विचारत तर होते, वेल्डन. रोज विचारत होते. मीठ बरोबर आहे का? तू म्हणायचास, चांगलं आहे. गेल्या वर्षी बंबाच्या शेडमधून येताना गाडीत विचारलं, चिली कशी होती? काय म्हणालास?”

मला आठवलं. ती चिली कडू होती. मी दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

“चांगली होती म्हणालो,” मी पुटपुटलो.

“जेवणं आटोपल्यावर कचऱ्याचं पिंप मीच रिकामं केलं होतं. अर्ध्याहून जास्त वाट्या भरलेल्या. तेव्हा मला कळलं. सगळ्यांनी झकास म्हटलं, त्याचं मला काही नाही, लोक ते लोक. पण सगळ्या गावात माझी जीभ तू एकटा होतास.”

मी पायरीवर बसलो. सभ्यपणा! आईने शिकवलं होतं, बाईने पुढे वाढलेल्या ताटाला नाव ठेवायचं नाही. ते मी एकावन्न वर्षं पाळलं आणि त्याचा मला अभिमान होता.

“म्हणून तो ॲप्रन?” मी विचारलं.

“म्हटलं, स्वतः करायला लागला की तरी खरं बोलेल. स्वतःच्या चिलीला तरी नाव ठेवेल. मागच्या आठवड्यात धूर मला दिसला होता, वेल्डन. मिरच्या जळल्या हे मला ठाऊक होतं. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले होते.”

२१ ऑक्टोबर

हॉलिसने येऊन गॅसची गळती ओळखणारं यंत्र बसवलं. वाजलं की मेलेलं माणूस उठेल असं ओरडतं. त्याला अंगणात गाठलं आणि गेल्या वर्षीच्या चिलीचं विचारलं.

“काका, जाऊ द्या ना.”

“सांग.”

“कडू होती. त्याच्या आधी उन्हाळ्यातल्या जेवणाचा राजमा तोंडात धरवत नव्हता. वर्षभर सगळ्यांना माहीत आहे.”

“आणि कुणी बोललं नाही?”

“तुम्ही दोन वाट्या खाल्ल्यात, काका! तुमच्यासमोर कोण बोलणार?”

म्हणजे गाव माझ्याकडे बघून गप्प, आणि मी गावाकडे बघून. नादीन मात्र पिंपापाशी एकटी.

परत आलो तर तिने तवा तापवायला ठेवला होता. मिरच्या पुढे केल्या. “उपमा नको,” म्हणाली. “उपमा शोधायला लागलास की तू घरात नसतोस. आधी उचल, मग वाटेल तितकी वर्णनं कर.”

पहिल्या चार कच्च्या, पुढच्या सहा जळक्या. प्रत्येक वेळी तोंडाने बोलायला लावलं. ‘कच्ची’ म्हणायला जमलं. ‘जळकी’ म्हणताना वाटत होतं, कुणाच्या आईला शिवी देतोय.

३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

कालचं लिहितो.

सकाळी दहाला बंबाच्या शेडमध्ये चूल पेटवली. दोन मोठी पातेली, प्रत्येकात वीस किलो मांस. मिरच्या दोन वेळा भाजायच्या होत्या. उजव्या पातेल्याच्या नीट भाजल्या, मनुका म्हणताच उचलल्या. डाव्या पातेल्याच्या भाजताना हॉलिस नव्या नळीबद्दल काही सांगायला आला, मी ‘हो का’ म्हणालो, आणि त्या ‘हो का’मध्ये पाच सेकंद गेले. वास बदलला. मला कळलं. मनात म्हटलं, एवढ्या मांसात जिरून जाईल.

संध्याकाळी पाचला दारापर्यंत रांग. पाद्रीबुवांची प्रार्थना झाली. नादीन हातात डाव घेऊन दोन पातेल्यांच्या मध्ये उभी, केस बांधलेले, कान लाल झालेले. तिने मला दोन चमचे दिले.

“वेल्डन, कशी झालीये?”

उजवं चाखलं. मग डावं चाखलं. जिरलं नव्हतं. मांसाच्या मागून हळूच यायचं आणि जिभेच्या मुळाशी बसायचं.

शंभरेक माणसं बघत होती. हॉलिस माझ्या कानाशी कुजबुजला, “चालेल हो काका. कोण बोलतंय?”

तेच तर. कोण बोलतंय.

“डावं कडू आहे,” मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा निघाला. “जळलंय. माझ्या हातून. ते वाढू नकोस.”

 रांगेतल्या कुणाचा तरी काटा फरशीवर पडला. पाद्रीबुवांनी डोळे मिटले. आमच्या गावात भरल्या पंगतीत असं वाक्य कुणी उच्चारलेलं माझ्या हयातीत मी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्या तोंडून निघालं होतं.

“खाण्यालायक?” नादीनने विचारलं.

“नाही.”

“उजवं?”

“ते खरंच चांगलं आहे.”

तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग डाव्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि रांगेकडे वळली. “ऐकलंत? अर्धीच चिली आहे. मक्याच्या चिप्सच्या पिशव्या फोडा, एकेक डाव त्यावर ओतते, वरून चीज, कांदा. आणि एक सांगते. माझं नाक वीस महिन्यांपूर्वी गेलं, जीभही गेली. गेल्या वर्षी तुम्ही काय गिळलंत ते मला ठाऊक आहे. यंदा काही कमीजास्त असेल तर तोंडाने सांगा. पिंपाला सांगू नका.”

 मग अर्लीन कुबेना पुढे आली. पिशवीत डाव पडला, तिने एक घास घेतला आणि तिचा चेहरा कोर्टात शपथ घेणाऱ्यासारखा झाला.

“नादीन… मीठ किंचित कमी आहे गं.”

“वेल्डन?”

पुन्हा चाखलं. घाईत सुटलं होतं. “हो. कमी आहे.”

नादीनने मुठीने मीठ टाकलं, ढवळलं. “आता?” अर्लीनने घास घेतला. “आता बरोबर.” आणि दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की मला नजर वळवावी लागली.

मग बांधच फुटला. म्हातारा ओटो म्हणाला, “आणि गेल्या वर्षीची तर…” बायकोने त्याला कोपर मारलं.

“बोल ओटो, बोल,” नादीन म्हणाली.

“गेल्या वर्षीची मी बुटात ओतणार होतो. पण बूट नवे होते.”

नादीन हसायला लागली. डाव खाली ठेवून, खुर्ची ओढून, पदरात हसावं तशी ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हसली. मग रडली थोडीशी, आणि पुन्हा उठून वाढायला लागली. खुर्चीवर बसवायला कुणी पुढे आलं नाही. रांग मोठी होती आणि सगळ्यांना भूक लागली होती.

परतताना गाडी मी चालवत होतो. सूर्य रस्त्याच्या टोकाला टेकला होता, कुंपणाच्या तारा तांबड्या झाल्या होत्या, आणि एरवी मी हमखास काहीतरी म्हणालो असतो. नादीनच्या मांडीवर चिप्सची एक पिशवी होती. तिच्या वाट्याचा डाव. तिने तो कुणी बघत नसताना खाल्ला होता. पिशवी रिकामी होती.

“उजवं पातेलं,” ती म्हणाली. “कसं होतं?”

मी घाई केली नाही. ओढ्यावरचा पूल ओलांडला.

“मीठ शेवटी बरोबर झालं. जिरं जरा पुढे पळत होतं, पाव मूठ कमी चाललं असतं. मांस वीस मिनिटं आणखी हवं होतं, दाताला लागत होतं. मिरची मात्र… मिरची गोडूस होती. नंतर तिखट. आणि तिखट गेल्यावर घशात बराच वेळ ऊब राहिली.”

तिने मान मागे टेकवली. पिशवीची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

“हं,” ती म्हणाली. “आता कुठे जेवल्यासारखं वाटलं.”